सासूनं पास केलेले पाने

मी जेवायला बसलो की आधी ताट हलवून पाहतो. ते डुगडुगत नाही अशी खात्री झाली की मगच पहिला घास घेतो. बायको या सवयीवरून जन्मभर टोमणे मारत आली आहे. "तुमच्यापुढे ताट ठेवू का चाकी-बोल्ट ठेवू, तेच मले समजत नाई," असं ती म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. ज्यानं उभी हयात घट्ट काय आणि सैल काय एवढंच पाहण्यात घालवली, त्याचा जीव कुठंच निवांत टेकत नाही. देवळात गेलो तरी माझी नजर मूर्तीच्या आधी घंटेच्या कडीकडे जाते. त्यामुळे दिवाळी अंकाच्या मंडळींनी "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं तेव्हा मी बुचकळ्यात पडलो. आमच्या धंद्यात गमती थोड्या आणि धास्ती फार. तरी जे आठवतं ते लिहितो.

मी जळगाव जामोदच्या एका जिन-प्रेसमध्ये फिटर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताबरोबर होतं, कारखान्याचे इन्स्पेक्टर नागपूरहून यायचे आणि दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती. दिवाळी आटोपली की सातपुड्याच्या पायथ्याकडून कापसाच्या गाड्या यायला लागायच्या. जिनात कापसातून सरकी आणि रुई वेगळी व्हायची. ती रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधायच्या आणि गाड्यांवर लादून नांदुऱ्याच्या स्टेशनावर पाठवायच्या. सकाळी भोंगा झाला की संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना थरथरत असे. जे थरथरतं ते सैल होतं, आणि जे सैल होत नाही ते गंजून असं बसतं की देवालाही सुटू नये. सैल झालेलं आवळायचं आणि अडलेलं सोडवायचं, एवढंच आमचं काम.

यातलं आवळणं सोपं. जीव जातो तो सोडवण्यात. पुण्या-मुंबईकडे ज्याला नट म्हणतात त्याला आम्ही चाकी म्हणतो. चाकीला सहा बाजू आणि सहा कोपरे. पाना तिला समोरासमोरच्या दोन बाजूंनी धरतो आणि फिरवतो. पान्याचं तोंड नीट बसलं तर ती फिरते. तोंड किंचित मोठं असलं, किंवा लोखंड मऊ निघून जोर दिल्यावर ते फाकलं, तर पाना सटकतो. एकदा सटकला की कोपरे मोडतात. पुन्हा पुन्हा सटकला की चाकी गोल होते, आणि गोल चाकीला कुठलाच पाना धरत नाही. मग तिला छिन्नीनं फोडायचं, नाहीतर आगीनं लाल करून सोडवायचं. सटकलेला पाना फिटरच्या बोटांची सालं काढतो ते वेगळंच. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर जे पांढरे डाग आहेत ते पाहून लोक कोड समजतात. ते पाने आहेत.

लढाईमुळे विलायती पाने येईनासे झाले होते. त्यांच्या जागी कुठल्या कुठल्या भट्टीत ओतलेले पाने बाजारात आले. दिसायला असे चकचकीत की नवरदेवाच्या हातात कट्यारीऐवजी द्यावेत, आणि वर इंग्रजीत शिक्काही ठोकलेला. पण जोर दिला की तोंड वासायचे. म्हणून नवा पाना परीक्षा झाल्याशिवाय कामावर न्यायचा नाही, असा आमच्याकडे कायदा होता. तो कायदा करीम उस्तादांचा.

मला पाना हातात कसा धरायचा इथपासून उस्तादांनीच शिकवलं. भट्टीसमोर बसून बसून त्यांची नजर अधू झाली होती. तरी ते रोज येत, वर्कशॉपच्या दारात स्टुलावर बसत आणि नुसत्या आवाजावरून कोण काय चुकतंय ते सांगत. एखाद्या शिकाऊ पोरावर ओरडत, "तुळश्या, ढकलून काऊन राह्यला बे? ओढ. ढकलशील तं दात पडतीन." विडी ओढायची झाली की मात्र काठी टेकत थेट फाटकाबाहेर जात. जिनात ठिणगी पडली तर रुईला आग लागायला डोळ्याचं पातं लवायचीही गरज नाही, हे आम्हा सगळ्यांच्या हाडीमासी भिनलेलं होतं.

वर्कशॉपच्या मागं उघड्यावर एक सागवानी तुळई पडलेली असे. मोडीत निघालेल्या यंत्रांचे लहानमोठे बोल्ट उस्तादांनी तिच्यात आरपार बसवून वर चाक्या आवळून ठेवल्या होत्या, आणि गंज चांगला धरावा म्हणून सुरुवातीला मिठाचं पाणी मारलं होतं. नवा पाना आला की तो या तुळईपुढे आणायचा. आधी चाकीला कंदिलाची काजळी फासायची, पाना लावायचा, काढायचा आणि त्याच्या तोंडात पाहायचं. काजळी जबड्याला सपाट लागली असेल तर पाना सरळ. नुसती टोकाला लागली असेल तर तो सगळा जोर कोपऱ्यांवर टाकणार, म्हणजे बाद. मग कान जवळ नेऊन ओढायचं. चाकी करकरत हलली तर पाना पास. सून घरात आली की तिची जशी उलटतपासणी होते तशी ही होई, म्हणून त्या तुळईचं नाव पडलं सासू. "सासूपुढं उभा केला का?" असं उस्ताद विचारत, आणि हो म्हटल्याशिवाय पान्याला हात लावू देत नसत.

त्या हंगामाच्या तोंडाशी नांदुऱ्याहून नव्या पान्यांची पेटी आली. मी एकेक पाना सासूपुढं उभा केला, आणि सगळेच्या सगळे पास झाले. उस्ताद खूश झाले. मला मात्र चैन पडेना. सगळं सुरळीत झालं की मला धास्ती वाटते, हा माझा जुना रोग. पण सासूनं पसंत केलेल्या पान्यावर मी कोण संशय घेणार? पाने वाटून टाकले. काही जिनात गेले, काही प्रेसमध्ये, एक मी स्वतःच्या पेटीत ठेवला.

थोड्याच दिवसांनी सुनगावकडच्या एका पाटलांचं बोलावणं आलं. या पाटलांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं आणि त्याच्यावर त्यांचा बैलासारखा जीव. पोळ्याला ते त्याला गोंडे बांधत आणि उन्हाचं त्याच्यावर झूल घालत. इंजिन बंद पडलं की ते दुखलं असं म्हणत, बिघडलं म्हणत नसत. मी गेलो, झूल बाजूला केली, झाकणाच्या चाकीला तो नवा पाना लावला आणि ओढला. पाना सटकला. माझी बोटं झाकणावर आपटली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तोंडात पाहिलं तर जबडा चक्क फाकला होता. पाटील शेजारी उकिडवे बसून पाहत होते.

"मिस्तरी, तुमच्या पान्यानं तं आ वासला," ते म्हणाले. "त्याले भूक लागली असन. दूध-पोळी आणू का?"

मी हसलो, पण परत येताना गाडीत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हा पाना सासूनं पास केलेला होता. सासूच्या चाकीपुढं जो तोंड मिटून राहिला, तो पाटलांच्या साध्या चाकीपुढं फाकला कसा? आणि हा फाकला तर त्याच पेटीतले बाकीचे?

जिनात पोचलो तो शनिवार होता. तसाच वर्कशॉपच्या मागं गेलो. सासूपुढं सुभद्राबाई उभ्या होत्या. या बाई आमच्या जिनात यंत्रांवर कापूस घालायच्या कामाला होत्या आणि त्यांचा नवरा गणू प्रेसमध्ये होता. हातात तेलाची वाटी होती आणि त्या एकेका चाकीवर बोटानं तेल सोडत होत्या. तुळईला कुंकू लावलेलं होतं. इतके दिवस ते गंजाच्या रंगात मला दिसलंच नव्हतं.

"सुभद्राबाई, हे काय करून राह्यल्या?"

"तेल घालते, मिस्तरीभाऊ. आमी समद्या बाया घालतो दर शनवारी. दोन-चार सालं झाले असतीन."

"कायले पण?"

"देवच हाय न हा." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमी सोता एकेक हत्यार आणून यायच्यापुढं उभं करता. काजळ लावता, कान लावून आयकता. मंग आमालेबी वाटलं, आपन काई करावं. आमच्या घरच्यायचे पाय रोज त्या प्रेसच्या पेटीत रुई तुडवत असतेत. सुखरूप ठेव म्हणा."

मी काही न बोलता एका चाकीला हात लावला. पाना नाही, नुसती बोटं. ती फिरली. आट्यांमधून तेलाचा काळा ओघळ आला. दुसरीला लावला, तीही हलली. जिला आम्ही जिनातली सगळ्यात खाष्ट बाई समजत होतो ती सासू कधीचीच लोण्यासारखी झाली होती, आणि तिच्या शब्दावर मी ते सगळे पाने जिनात आणि प्रेसमध्ये वाटले होते. करकर न होता चाक्या हलल्या होत्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"आजपासून याच्यावर तेल घालू नका," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. "देवाचं सुरू केलेलं बंद करू नये, भाऊ."

"हा देव नाही. तुळई आहे."

त्यांनी वाटीवर पदर झाकला आणि गेल्या. मी जरा जास्तच तुटक बोललो हे तेव्हाच कळलं होतं, पण माझं चित्त पान्यांत होतं.

उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "सासूले तेल पाजलं? या अल्ला. मंग ते सुनांले जाच कायले करीन?" आणि हसायला लागले. मीही हसलो असतो, पण गंज काही बाजारात विकत मिळत नाही. चाक्या पुसून, मिठाचं पाणी मारून पुन्हा तशा अडायला एक पावसाळा तरी हवा. तोवर कुठला पाना धरेल आणि कुठला दगा देईल हे सांगणारं आमच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. नवे पाने मिळत नव्हते, जुने झिजून गेले होते, आणि हंगाम ऐन भरात. मी दिसेल त्या पान्याच्या तोंडात काजळी घालून पाहत सुटलो. जे उघडच वाकडे निघाले ते काढून टाकले. पण काजळी पान्याचं रूप सांगते, त्याचा दम सांगत नाही. माणसं मला पाहून हसायची. "मिस्तरी, आमच्याबी डोळ्यात घाला थोडंसं," असं प्रेसमधले म्हणायचे. मला रात्री झोप नव्हती आणि दिवसा भूक नव्हती.

आता प्रेसबद्दल थोडं सांगायला हवं. मधल्या खांबाभोवती दोन उंच पेट्या होत्या. एका पेटीत रुई भरायची आणि माणसानं आत उतरून ती पायांनी तुडवायची, तोवर दुसरी दाबाखाली असे. पहिली भरली की तुडवणाऱ्यानं वर यायचं आणि मग बाकीच्यांनी जोर लावून दोन्ही पेट्या फिरवायच्या. पेटी जागेवर आली की एक लोखंडी खटका खाली पडे. खटका पडला की पेटी मागं येत नाही. तो उचलायचा तर पेटी आधी थोडी पुढं ढकलावी लागते, आणि मगच तो मोकळा होतो. गणू हा आमच्याकडचा सगळ्यात चपळ तुडवणारा. आत नाचल्यासारखा तुडवायचा आणि बाहेर यायचा तो मांजरासारखा.

मंगळवारी दुपारी प्रेसमधून ओरडा आला. मी धावत गेलो. पेटीतून बाहेर येताना गणूचा पाय रुईवरून घसरला होता आणि पेटी फिरत होती. डावा पाय पेटीची कड आणि बाजूच्या खांबावरची जाड लोखंडी पट्टी यांच्यामध्ये सापडला, आणि त्याच क्षणी खटका पडला. पेटी मागं येईना. पुढं ढकलावी तर पाय गुडघ्याखाली चिरडून जाईल. राहिला एकच मार्ग. ती पट्टी चार चाक्यांनी खांबाला आवळलेली होती. ती काढायची.

त्या चाक्या मी फिटर झाल्यापासून कुणी सोडवल्या नव्हत्या. आग आणायची सोय नव्हती, चहूकडे रुई उडत होती. छिन्नी आणि घण चालवायचा तर ठिणगीची भीती, आणि प्रत्येक घाव पट्टीतून थेट गणूच्या हाडात जाणार. चाक्यांवर रॉकेल सोडलं, पण ते मुरायला वेळ लागतो आणि गणूच्या पावलाचा रंग बदलत होता. उरला फक्त पाना, आणि पाने सगळे नांदुऱ्याहून आलेल्या त्याच पेटीतले. एकदा सटकला तर कोपरे जाणार, आणि चाकी गोल झाली की गणूचा पाय गेलाच.

तोवर सुभद्राबाई आल्या. त्यांनी गणूचं डोकं छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. "तुमी तेल बंद कराले लावलं, मिस्तरीभाऊ," एवढंच म्हणाल्या.

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. तेलानंच घात केला, तुमच्या तेलामुळे माझ्या हातात आज भरवशाचा एक पाना नाही, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. त्या बाईला ते कळून काय मिळणार होतं? मी ते आजवर तिला सांगितलेलं नाही.

पहिली चाकी सुटली. दुसरी फार रडली, पण सुटली. तिसरीला पाना थोडा उचकला, पण तीही आली. चौथीला लावला आणि ओढला. सटकला. माझी बोटं खांबावर फुटली, त्याचं काही नाही. चाकीचा एक कोपरा मोडला होता. पान्याचं तोंड सुनगावच्या त्या पान्यासारखंच वासलं होतं.

गणू इतका वेळ दात आवळून होता. त्यानं विचारलं, "मिस्तरी, पाय हाय का हो अजून? मले काई समजूनच नाई राह्यलं."

"हाय," मी म्हणालो. "हाय तुझा पाय. हलू नको फक्त."

उस्ताद माणसांना धरत धरत आत आले होते. त्यांनी खांबाला हात लावला आणि विचारलं, "किती राहिल्या?" मी म्हटलं, एक. ते म्हणाले, "घाई नको करू, बेटा." ते मला बेटा क्वचितच म्हणत. मला ते ऐकून आणखीच भीती वाटली.

मी खिशातून काजळीची डबी काढली. जिनातले होते नव्हते तेवढे पाने मागवले आणि एकेक त्या चाकीला लावून पाहू लागलो. बाहेरून हे कसं दिसलं असेल देव जाणे. एक माणूस मरणाच्या वेदनेत, आणि मिस्त्री काजळ लावत बसलेला. कुणीतरी मागून शिवी दिली. मी ती ऐकली आणि काम चालू ठेवलं. मापाचे पाने सगळे टोकावर धरत होते. एकच पाना असा होता की त्याचे जबडे सरळ आणि जाड होते, पण तो एक माप मोठा. चाकीवर लावला तर मध्ये फट राहत होती.

"गाठीची पट्टी घालून पाहा," उस्ताद म्हणाले.

गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या तिथंच पडलेल्या होत्या. एक तुकडा फटीत बरोब्बर बसत होता, पण पाना ओढताना तो कुणीतरी आतून दाबून धरायला हवा. खांब आणि भिंत यांच्यामधली जागा एवढी अरुंद की माझं मनगट जाईना. सुभद्राबाईंनी गणूचं डोकं उस्तादांच्या हातात दिलं आणि आपला हात आत घातला.

"पाना सटकला तं बोटं जातीन," मी सांगितलं.

"जाऊ द्या."

अडलेली चाकी एकदम सोडवायची नसते. आधी किंचित आवळायची, म्हणजे गंजाची पकड तुटते, आणि मग उलटी ओढायची. मी चाकीवरून खांबाच्या पट्टीवर काजळीची एक रेघ ओढली. चाकी हलली तर रेघ तुटेल, पाना फाकला तर रेघ तशीच राहील. मग आवळलं. खांब हादरला आणि गणू पहिल्यांदा ओरडला. मी हात थांबवले नाहीत. उलटी ओढ घेतली. पाना जरा फिरल्यासारखा वाटला. तो फिरला की फाकला, हे मला हातावरून कळेना. आयुष्यभर हेच एक ओळखायला शिकलो होतो आणि नेमकं तेव्हा कळेना. घाम डोळ्यात गेला होता. मान वाकवून रेघ पाहिली. ती तुटली होती, केसभर.

पुन्हा ओढलं. चाकीनं एक लांब करकर आवाज काढला. त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. खांबावरची पट्टी पडली, माणसांनी गणूला उचललं, आणि कुणीतरी माझ्या हातातून पाना काढून घेत होतं. तो माझ्या मुठीतून निघत नव्हता. सुभद्राबाईंचा हात खांबामागून बाहेर आला तेव्हा बोटं सगळी होती.

मॅनेजरसाहेबांनी कारखान्याची लॉरी काढायला लावली. पेट्रोल मिळत नसल्यामुळे ती कोळशाच्या गॅसवर चालायची आणि भाता मारून मारून तिला जागं करावं लागे. त्यात रुईच्या गादीवर गणूला निजवलं आणि खामगावच्या दवाखान्याकडे पाठवलं. सुभद्राबाई सोबत गेल्या. पाऊल तेव्हा निळं पडलं होतं. आमच्यातल्या कुणालाच तो पाय राहील असं वाटत नव्हतं, आणि कुणी तसं बोलतही नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझी बायको तुम्हाला सांगेल. खामगावकडून येणारी मोटार दिसली की मी फाटकाशी जाऊन उभा राहायचो, आणि कंडक्टर काही सांगायच्या आत परत फिरायचो. चार चाक्या सोडवल्या याचं कौतुक होत होतं, ते मला ऐकवत नव्हतं. काजळी लावण्यात जो वेळ गेला तेवढ्यात पाय गेला असला तर?

मग शनिवार आला. संध्याकाळी मी घरून तेलाची वाटी आणली, पदरासारखा त्यावर रुमाल झाकला, वर्कशॉपच्या मागं गेलो आणि सासूवर तेल घातलं. प्रत्येक चाकीवर. ती तुळई आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मागं काठीचा आवाज आला.

"कोण आहे बे?" उस्तादांनी विचारलं. त्यांनी वास घेतला, जवळ येऊन तुळईवरून हात फिरवला आणि हात पागोट्याला पुसला. "सांडवू नको उगाच," ते म्हणाले. "परीक्षेसाठी आपण दुसरी करू. हे राहू दे आता असंच."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आठवडी बाजाराच्या दिवशी, सुभद्राबाई खामगावच्या मोटारीतून उतरल्या. एकट्या. मी फाटकात होतो. त्यांच्या खांद्यावर एक गाठोडं होतं आणि चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं. पुढं होऊन विचारावं एवढं बळ माझ्यात नव्हतं, आणि आत निघून जावं एवढंही नव्हतं.

त्या माझ्याकडे आल्या नाहीत. फाटकासमोर लिंबाखाली आमचा मोची बसायचा, त्याच्यापुढं त्या बसल्या. गाठोडं सोडलं. आतून गणूची एक वहाण काढून खाली ठेवली. उजवी. त्यांनी पुन्हा गाठोड्यात हात घातला, आतलं लुगडं उलटंसुलटं केलं आणि दुसरी काढली.

"ह्या डाव्या पायतनाले दोन तळवे जास्तीचे लावजो," त्या मोच्याला सांगत होत्या. "पाय जरा आखूड पडला त्यायचा. जाड लाव. मजबूत लाव. त्यायले चालाचं हाय."